निशाणी चौतीस

"भरतेश पायगोंडा मगदूम!" पट्टेवाल्यानं तिसऱ्यांदा पुकारा केला. "हाय का कोण? भरतेश मगदूम!"

माझ्या शेजारी बाकावर बसलेल्या सासूबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"न्हाई त्यो," त्या म्हणाल्या. "दोन वर्सं झाली."

"मग तसं सांगायचं की मावशी. वारस हजर, म्हणायचं."

"दर तारखेला सांगतोय की रं बाबा. माझं तू ऐकतोस, तुझा कागद ऐकत न्हाई."

आजूबाजूचे दोघंचौघं हसले. मला हसू आलं नाही. आमची नावं दाव्यात लागून वर्ष झालं होतं. त्रिशला भरतेश मगदूम, बायको. चंदना, मुलगी. पद्मावती, आई. तरी दर तारखेला बोर्डावर त्याचंच नाव छापून यायचं, आणि मेलेल्या माणसाला तीन हाका मारल्याशिवाय आमचा नंबर लागायचा नाही. तालुक्याच्या त्या कोर्टात ही आमची अकरावी तारीख. दहा वेळा कधी न्यायाधीश रजेवर, कधी विमा कंपनीचे वकील गैरहजर, एकदा तर नुसताच संप. दहा वेळा मी डबा, पाण्याची बाटली, पोरीचे कपडे, तापाचं औषध असं सगळं पिशवीत भरून, माणसांनी खच्चून भरलेल्या वडापच्या जीपमधून आले होते आणि तसंच परत नेलं होतं.

"आज मात्र होणार," तांबोळी वकील जवळ येत म्हणाले. साठीचे, कोटाची कॉलर पांढरी पडलेली. "उलटतपासणी आहे. विचारलं तेवढंच बोल पोरी. हो, नाही, आठवत नाही. शिकलेल्या बायकांचं एक वाईट असतं, त्या समजावून सांगायला जातात."

"आणि त्यांनी आडवंतिडवं विचारलं तर?"

"आडवंच विचारणार. त्याचाच पगार आहे त्यांना."

भरतेश शीतगृहात सुपरवायझर होता. द्राक्षाच्या हंगामात संध्याकाळी मोटरसायकलवरून घरी येताना दुधाच्या टँकरनं त्याला वळणावर उडवलं. टँकर चुकीच्या बाजूनं आला. हे बघणारा माणूस रस्त्यावर एकच होता, तो म्हणजे स्वतः भरतेश. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्यानं पोलिसांना जबाब दिला. मणका गेला होता, कमरेखाली काही कळत नव्हतं. मला तेव्हा सातवा महिना होता. भरपाईचा दावा त्यानंच लावला, पाठीवर पडूनच कागदांवर सह्या केल्या. पुढे चंदना झाली, आणि घरात दोन अंथरुणं झाली. दोघांनाही कूस पालटून द्यायची, पुसायचं, भरवायचं.

माझं बी.एस्सी. केमिस्ट्री. त्या शिक्षणाचा संसारात एकच उपयोग झाला, मला नोंदवही ठेवायची सवय होती. निळ्या पुठ्ठ्याची दोनशे पानी वही. डाव्या पानावर चंदना, उजव्या पानावर भरतेश. डावीकडे दूध किती वाजता, शी कशी, पहिल्यांदा कुशीवर वळली, पहिला दात, पहिल्यांदा बसली. उजवीकडे ताप, लघवी, पाठीवरच्या जखमा, ड्रेसिंग. खोडायचं नाही, चुकलं तर एक रेघ मारून वर लिहायचं. ज्यानं आकडा बघितला त्यानं शेवटी आपलं अक्षर घालायचं. माझं 'त्रि'. भरतेशला याची गंमत वाटायची. एकदा डाव्या पानावर त्यानं लिहून ठेवलं होतं, 'आज बापाकडे बघून हसली. साक्षीदार: भ.'

चंदना अकरा महिन्यांची असताना तो गेला. अंथरुणावर पडून झालेल्या त्या पाठीच्या जखमा चिघळल्या, विष रक्तात गेलं. गावातल्या डॉक्टरांनी तोंडानं हे सांगितलं. कागदावर लिहिलं, हृदयक्रिया बंद पडल्याने मृत्यू.

"पोस्टमॉर्टेम करायचं असेल तर जिल्ह्याला न्यावं लागेल, उद्या सकाळी मिळेल," ते म्हणाले. आमच्या जैन घरांत माणूस गेल्यावर देह ठेवत नाहीत. जितका वेळ जाईल तितके त्यात जीव उत्पन्न होतात, त्यांची हिंसा लागते. सकाळी अकरा वाजता तो गेला आणि दुपारी चार वाजता चिता पेटली होती. कुणी चूक केली असं मला आजही म्हणता येत नाही. कागद हवा असतो हे त्या दिवशी कुणाच्या मनात असतं?

तांबोळींनी मात्र कपाळाला हात लावला होता. "जखमी माणसाच्या यातनांचा दावा त्याच्याबरोबर जातो पोरी. तो वारसांना पुढं चालवता येत नाही. पण तो त्या जखमांनीच गेला असं दाखवलं, तर दावा नव्यानं उभा राहतो, तुमचा म्हणून. आता कंपनी म्हणणार, माणूस हार्टनं गेला, आमच्या टँकरचा काय संबंध? जखम ते मरण अशी साखळी दाखवायला काय आहे तुझ्याकडं?"

माझ्याकडे वही होती. मी पिशवीतून काढून दिली तेव्हा ते पानं उलटत गेले आणि त्यांचा चेहरा उजळला. कुठे शंभर, कुठे एकशे एक, कुठे 'जखमेला वास', आणि तो गेला त्याच्या आदल्या दुपारी एकशे तीन पूर्णांक आठ. "ही साखळीच आहे की," ते म्हणाले. वही कोर्टात दाखल झाली. तिच्यावर लाल शाईनं लिहिलं गेलं, निशाणी ३४.

शेवटची पानं मी तो गेल्यापासून उघडली नव्हती. हे मी तांबोळींना सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नाही.

पिंजऱ्यात उभी राहिले तेव्हा माझं लक्ष मागच्या बाकाकडे. चंदना सासूबाईंच्या मांडीवरून खाली उतरली होती आणि तिच्या हातात फायलीची लाल दोरी होती. दोरीच्या टोकाला पत्र्याचं बोंडूक असतं. ते तोंडाकडे चाललं होतं.

"इकडे बघून उत्तर द्या," न्यायाधीश मॅडम म्हणाल्या.

"आई, दोरी!" मी म्हणाले. सासूबाईंनी दोरी काढून घेतली. पोरीनं भोकाड पसरलं. टाइप करणाऱ्या बाईंनी माझ्याकडे बघून किंचित मान हलवली, त्यांच्याही घरी असावं कुणीतरी.

कंपनीचे वकील दानवडे माझ्याच वयाचे होते. आवाज मऊ.

"ताई, ही वही तुमची?"

"हो."

"अक्षर तुमचं?"

"हो."

"सगळं?"

"बहुतेक."

"बहुतेक. बरं. पान एकशे बारा. उजवी बाजू, मोठ्यानं वाचता?"

त्यांनी वही माझ्या हातात दिली. दीड वर्षानं तिचा वास आला, जखमेच्या मलमाचा आणि बेबी पावडरचा.

"दहा तारीख, सकाळी आठ," मी वाचलं, "अठ्ठ्याण्णव पूर्णांक सहा."

"पुढे."

"रात्री आठ, अठ्ठ्याण्णव पूर्णांक सहा. अकरा तारीख, सकाळी, अठ्ठ्याण्णव पूर्णांक सहा. रात्री, अठ्ठ्याण्णव पूर्णांक सहा. बारा तारीख…"

कॉलेजात उपाध्ये मॅडम जर्नल तपासताना म्हणायच्या, सहा वाचनं तंतोतंत सारखी आली की समजावं, पोरानं उपकरणाला हात लावलेला नाही. मी वाचत होते आणि माझा आवाज मला लांबून ऐकू येत होता. बारा तारीख रात्री, अठ्ठ्याण्णव पूर्णांक सहा. तेरा तारीख सकाळी, अठ्ठ्याण्णव पूर्णांक सहा.

"शेवटी हे 'भ' काय आहे?"

"ह्यांचं अक्षर. त्या चार दिवसांत ताप त्यांनीच बघितला. मला म्हणाले, तुझ्यामागं पोरगी आहे, एवढं मी करतो."

"आणि तेराला दुपारी अडीच वाजता एकदम एकशे तीन पूर्णांक आठ. हे अक्षर तुमचं."

"हो."

"म्हणजे चार दिवस ताप नाही. जखमा शांत. तेराला अचानक काहीतरी नवीन दुखणं आलं आणि चौदाला त्यात ते गेले. बरोबर?"

"नाही."

"वहीत तसंच आहे ताई."

"वहीत तसं आहे. पण तसं नव्हतं."

"मग वही खोटी, की तुम्ही?"

तांबोळी खोकले. मला कळत होतं, आता 'आठवत नाही' म्हणायची वेळ आहे. पण मला सगळं आठवत होतं. तेराला सकाळी त्याचे ओठ सुकलेले, डोळे तांबडे. मी विचारलं, किती आहे? तो म्हणाला, वही बघ की, वही कधी खोटं बोलते का? आणि मी वही बघितली. कपाळाला हात लावला नाही. रोज चार वेळा पोरीच्या कपाळाला हात लावणारी बाई मी, आणि त्या दिवशी मी आकडा बघून समाधान करून घेतलं.

"आकडे खरे नाहीत," मी म्हणाले.

"कुणी लिहिले?"

"ह्यांनी."

"म्हणजे मयत भरतेश मगदूम खोटं लिहीत होते."

माझ्या डोळ्यांपुढे सापळा स्पष्ट दिसत होता. नाही म्हणाले तर साखळी तुटते, तो हार्टनं गेला. हो म्हणाले तर…

"हो," मी म्हणाले.

मॅडमनी टाइप करणाऱ्या बाईंना सांगितलं, "हे म्हणणे खरे आहे की, मयत यांनी वहीत खोट्या नोंदी केल्या."

"आणि टँकर चुकीच्या बाजूनं आला, हे पोलिसांना सांगणारा माणूसही एकटे मयतच?"

"हो."

"हे म्हणणे खरे आहे की, अपघात कसा घडला हे फक्त मयत यांनीच सांगितले होते."

"बस," दानवडे म्हणाले. "उलटतपासणी संपली." आणि बसले. त्यांनी आवाज एकदाही चढवला नव्हता.

मग मागून आवाज आला. "गोळ्या मी दिल्या!"

सासूबाई उभ्या होत्या. चंदना त्यांच्या पदराला धरून.

"आजी, खाली बसा," मॅडम म्हणाल्या.

"तापाच्या गोळ्या मी दिल्या त्याला. चार दिस. त्यो म्हणला, आई, तिला सांगू नको, ती गेली न्हाई तर…"

"आजी, तुम्ही साक्षीदार नाही."

"आई हाय मी त्याची!"

"म्हणूनच बसा. हे लिहू नका," मॅडमनी टाइप करणाऱ्या बाईंना सांगितलं. त्यांनी हात आधीच उचलून धरले होते.

दोन वर्षं एका चुलीवर राहून हे मला ठाऊक नव्हतं. मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. पोरीला उचलून कडेवर घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या.

जबाबाची छापील पानं माझ्यापुढे आली. कारकुनानं बोट ठेवलं. "इथं लिहा, वाचून पाहिले, बरोबर आहे. आणि सही."

मी वाचलं. सव्वादोन पानं. त्यात दोन वर्षांची माझी धावपळ नव्हती, जखमेचा वास नव्हता. दोन वाक्यं मात्र ठसठशीत होती. त्यानं खोटं लिहिलं. त्यानंच सांगितलं.

"सही करा."

"नाही करत."

कारकून थांबला. मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. "काय चुकलंय?"

"चुकलं नाही मॅडम. अर्धं आहे."

"तुम्ही जे बोललात तेच लिहिलंय ना?"

"हो. पण का खोटं लिहिलं ते यात नाही."

"ते तुम्हाला कुणी विचारलं नाही."

"मग विचारा ना!" माझा आवाज चिरकला. "अकरा तारखा झाल्या. दर वेळी मेलेल्या माणसाला हाक मारता आणि जिवंत माणसाला विचारत नाही. मी काय सही करू? माझा नवरा खोटारडा होता, वाचून पाहिले, बरोबर आहे?"

मला वाटलं, आता बाहेर काढतील.

तांबोळी सावकाश उठले. "मॅडम, फेरतपासणीत एक प्रश्न विचारायची परवानगी असावी."

दानवडे उठले. "साक्षीदाराला तयारीला वेळ मिळालाय. हरकत आहे."

"तयारी?" मॅडम म्हणाल्या. "त्यांची तयारी मला दिसतेय. एकच प्रश्न, तांबोळी."

तांबोळी माझ्याकडे वळले. दोन वर्षं मला 'विचारलं तेवढंच बोल' सांगणारा तो माणूस, कोर्टाची भाषा विसरून म्हणाला, "का लिहिलं गं पोरी त्यानं खोटं?"

मी सांगितलं. शेजारच्या वाडीत तीन मुलांना गोवर आला होता. चंदनाची नवव्या महिन्याची लस राहिली होती. उपकेंद्र सहा किलोमीटरवर, लसीकरण महिन्यातून एकदा, दुसऱ्या मंगळवारी. दोन मंगळवार माझे हुकले होते, कारण दोन्ही वेळा ह्यांना ताप होता आणि ताप असला की मी घर सोडत नव्हते. त्यानंतरचा लसीचा मंगळवार तेरा तारखेला होता. हे म्हणत होते, आई आहे ना घरात, तू जा. मी म्हणाले होते, वहीत ताप दिसला तर मी जाणार नाही.

"म्हणून वहीत ताप दिसला नाही," मी म्हणाले. "मी गेले. अडीचला परत आले तेव्हा ते थडथड उडत होते. मी विचारलं, हे काय? तर म्हणाले, सुई टोचली का?"

टाइप करणाऱ्या बाईंचे हात थांबले होते. मॅडमनी त्यांना सांगितलं, "घ्या. मयत यांनी सदर नोंदी, मी मुलीला लस देण्यासाठी घराबाहेर जावे, म्हणून केल्या."

एका वाक्यात मावलं. मला राग आला आणि बरंही वाटलं.

"लस दिल्याचा काही पुरावा?" दानवडे बसल्या जागेवरून म्हणाले. "की तेही वहीतच आहे?"

मी पिंजऱ्यातून उतरले, कुणाला न विचारता. बाकाखालची पिशवी उघडली. डबा, बाटली, कपडे, औषध, आणि तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत घातलेलं चंदनाचं लसीकरणाचं कार्ड. ते घेतल्याशिवाय मी कधी घराबाहेर पडत नसे. भरतेश म्हणायचा, वाटेत कुणी डॉक्टर भेटला आणि म्हणाला, दाखवा बघू कार्ड, म्हणून का? शेजारच्या बायकाही हसायच्या. कार्डावर गोवराच्या चौकोनात तारीख होती, तेरा. त्यावर उपकेंद्राचा शिक्का आणि नर्सबाईंची सही.

मॅडमनी कार्ड उलटसुलट बघितलं, दानवड्यांना दाखवलं.

"निशाणी पस्तीस," मॅडम म्हणाल्या.

मी सही केली.

बाहेर आल्यावर सासूबाई पायरीवर बसल्या होत्या. मी शेजारी बसले. खूप वेळ आम्ही दोघी चंदनाला बिस्किटं भरवत राहिलो.

"मला सांगायचं होतं आई," मी शेवटी म्हणाले.

"सांगून काय केलं असतंस? ऱ्हायली असतीस घरात. पोरीला गोवर आला असता तर त्यो मला बोलला असता." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "आता कोणच बोलत न्हाई मला. तू तरी बोल."

मी बोलले नाही. त्यांनी पुढे केलेलं अर्धं बिस्किट घेतलं आणि खाल्लं.

निकाल चौदा महिन्यांनी लागला. मृत्यू अपघातातल्या जखमांमुळेच झाला, असं त्यात लिहिलं होतं. अपघाताबद्दल मयतानं दिलेल्या जबाबावर अविश्वास दाखवायला कारण नाही, असंही होतं. तांबोळींनी ते वाक्य मला दोनदा वाचून दाखवलं. कंपनी लगेच हायकोर्टात अपिलात गेली. तांबोळी गेल्या वर्षी वारले. आता त्यांची मुलगी काम बघते. ती म्हणते, ताई, नंबर लागेल. मी म्हणते, लागेल.

चंदना आता तिसरीत आहे. मागच्या आठवड्यात शाळेनं उपक्रम दिला, 'मी लहान असताना'. पहिला दात कधी आला, पहिल्यांदा कधी बसले, पहिला शब्द कोणता.

"मम्मी, सांग ना. तू तर सगळं लिहून ठेवतेस."

"लिहिलंय की. कोर्टात आहे."

"मग आण."

"अपील संपल्याशिवाय देत नाहीत."

"पण माझी वही आहे ना ती?"

"तुझीच आहे."

तिचा चेहरा पडला. मी कपाटातून नकलेचे कागद काढले. फी भरून, तीन हेलपाटे घालून मिळालेल्या त्या नकला. कोर्टात वाचली गेली तेवढीच पानं नक्कल करून मिळाली होती, फक्त उजवी बाजू. दात, बसणं, शब्द सगळं डावीकडे राहिलं होतं.

तिनं कागद हातात घेतला, बोट ठेवत वाचत गेली. "अठ्ठ्याण्णव पूर्णांक सहा. अठ्ठ्याण्णव पूर्णांक सहा. सगळं सारखंच आहे. हे कुणाचं अक्षर?"

"पप्पांचं."

"पप्पांना ताप नव्हता?"

"होता."

"मग असं का लिहिलंय?"

"तुला सुई टोचायची होती," मी म्हणाले.

ती कात्री आणि डिंक घेऊन आली, आणि 'मी लहान असताना' या शीर्षकाखाली तो कागद चिकटवला.